टाकीवरून नजरेसमोर : वाट दाखवणाऱ्याच्या जागेचा इतिहास

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमालगत वसलेल्या कुरुंदवाडहून रात्री मोटारसायकल घेऊन निघणाऱ्या स्वाराची खरी अडचण दिवसा ध्यानात येत नाही. शिरोळ तालुका उसाचा. हंगामात उभ्या उसाने रस्त्याची वळणे झाकलेली असतात, नावाच्या पाट्या पाचटात बुडालेल्या असतात आणि समोरून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येत असतात. त्यांच्या मागे लाल दिवा असेलच, याची खात्री कोणी देत नाही. दक्षिणेकडे काही किलोमीटर गेले की कर्नाटक लागतो, पाट्यांची लिपी बदलते आणि वाचता येणारी खूणही उरत नाही. मग सारी भिस्त जीपीएसच्या पडद्यावर.

आता तो पडदा कुठे बसवला आहे, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. पेट्रोलच्या टाकीवर चुंबकाने चिकटणारी बॅग आणि तिच्या पारदर्शक खिशात यंत्र, ही नवख्यांची आवडती सोय. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. टाकीवरचा पडदा पाहण्यासाठी दोन सेकंद मान खाली गेली, तर ३३ मीटर रस्ता न पाहता पार झालेला असतो. पाचटाचा ढीग, विनादिव्याची ट्रॉली, रस्त्यात बसलेली म्हैस, सगळे त्या ३३ मीटरांत मावते.

म्हणून अनुभवी स्वार पहिले काम करतो ते यंत्राच्या स्थलांतराचे. टाकीवरून काढून ते स्पीडोमीटरच्या वर, काचेच्या आत, रस्त्याकडे पाहणाऱ्या दृष्टिरेषेच्या थोडे खाली आणायचे. एक लोखंडी पट्टी, चार स्क्रू, वीतभर वायर. काम अर्ध्या तासाचे. पण ही वीतभर सरकवासरकव माणसाने प्रवासात फार जुन्या काळापासून चालवलेली आहे. हा धागा तिच्याबद्दल आहे.

सुरुवात घोड्यापासून करावी लागते आणि त्यासाठी कुरुंदवाडइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही.

याच संगमावर सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी दाखवली जाते. १६९५च्या नोव्हेंबरात दोड्डेरीजवळ कासिमखानाच्या फौजेला कोंडून धरणाऱ्या संताजीचे सामर्थ्य वेगात होते, हे सर्वच इतिहासकार सांगतात. वेगाचा दुसरा अर्थ वाटेची जाण. आलमगिराची छावणी म्हणजे चालते शहर. ती राजमार्ग सोडून सहज हलू शकत नसे. मराठ्यांच्या तुकड्या आडवाटांनी येत आणि आडवाटांनीच नाहीशा होत. त्या वाटा कागदावर नव्हत्या. त्या माणसांच्या डोक्यात होत्या.

अठराव्या शतकात कुरुंदवाड पटवर्धनांच्या घराण्याकडे आले. हरभट पटवर्धनांचे पुत्र त्रिंबकराव हे या शाखेचे मूळ पुरुष. पुढे शाखा फुटून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली आणि १९४८च्या मार्चमध्ये दोन्ही मुंबई प्रांतात विलीन झाली. या संस्थानांचा मुलूख सलग नव्हता. ठिकरीच्या तुकड्यांसारखी गावे विखुरलेली, काही थेट बेळगावच्या कुशीत. आपल्याच एका गावाहून आपल्याच दुसऱ्या गावाला जायचे, तर मध्ये सांगली, मिरज, करवीर, इंग्रज अशा चार सत्तांचा मुलूख ओलांडावा लागे. कारभाऱ्याला, वसुली नेणाऱ्या शिबंदीला, जासुदाला वाट ठाऊक असणे ही या दौलतीची रोजची गरज होती.

याच कुरुंदवाडशी विष्णुपंत छत्रे यांचे नाव जोडलेले आहे. ग्वाल्हेरला हद्दूखाँ यांच्याकडे गाण्याची तालीम आणि त्याच काळात घोडे शिकवण्याची विद्या, अशी दुहेरी कमाई करून आलेला हा गृहस्थ. मुंबईत परदेशी सर्कस पाहिल्यावर १८८०च्या सुमारास त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. भारतीय सर्कशीचा इतिहास तिथून मोजला जातो. (जाता जाता : हद्दूखाँ यांचे पुत्र, ‘भूगंधर्व’ रहिमतखाँ यांना आधार दिला तो याच सर्कशीने. त्यांचा शेवट १९२२ मध्ये कुरुंदवाडातच झाला. एका छोट्या संस्थानाच्या पागेतून सर्कस आणि ख्याल असे दोन इतिहास निघावेत, ही गोष्ट स्वतंत्र धाग्याची आहे.)

घोडा शिकवणारा कोणताही उस्ताद नव्या स्वाराला पहिला धडा देतो तो नजरेचा. खाली पाहायचे नाही. घोड्याच्या दोन कानांच्या मधून, जिथे पोहोचायचे आहे तिकडे पाहायचे. स्वाराची मान झुकली की खांदे झुकतात, बैठक सुटते, लगाम नकळत ओढला जातो आणि घोडा बिचकतो. मोटारसायकल शिकवणारे आज हेच सांगतात : गाडी नजरेमागे जाते. वळणावर खड्ड्याकडे टक लावली तर चाक खड्ड्यातच उतरते. वाहन बदलले, शरीर तेच राहिले.

मग प्रश्न उरतो : ज्याने खाली पाहायचेच नाही, त्याला वाट दाखवायची कुठून?

जुन्या काळचे उत्तर होते वाटाड्या. त्याची जागा ठरलेली असे : घोड्याच्या पुढे, काही हात अंतरावर, स्वाराच्या सरळ नजरेत. तो हाताने दिशा दाखवी, तोंडाने सांगे, ओढ्याला पाणी किती, उतार कुठे, पुढच्या गावात दाणावैरण मिळेल की नाही, हेही सांगे. आजच्या कोणत्याही यंत्राहून त्याची माहिती ताजी असे, कारण तो कालच तिथून गेलेला असे. आणि तो बरोबर जागी असे. स्वाराला मान वळवावी लागत नसे.

इथे थांबून पाहिले पाहिजे, कारण ही सोय कोणाच्या पायांवर उभी होती हे सांगितल्यावाचून वाटाड्याचे कौतुक अर्धे खोटे ठरते. दख्खनच्या गावगाड्यात सरकारी माणसाला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाट दाखवणे, टपाल पोहोचवणे, ओझे वाहणे ही कामे महार वतनदारांच्या माथी होती. हाक आली की उठायचे. दिवस असो, रात्र असो, पेरणी असो, घरात मर्तिक असो. शिवेवर पुढच्या गावचा माणूस त्याची जागा घेई आणि हा उलटा चालत घरी येई. घोड्यावर बसलेल्याची नजर समोर राहावी म्हणून एक माणूस अनवाणी पुढे धावत होता, आणि मोबदल्यात त्याला इनामाचा तुटपुंजा तुकडा व बलुत्यातले उरलेसुरले मिळत होते.

शेजारच्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये महार वतने खालसा करून त्या जमिनी रयताव्याने दिल्या आणि वेठबिगारीला बंदी केली. ब्रिटिश मुलखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ मध्ये. वाट दाखवणाऱ्या साधनांचा इतिहास लिहिताना होकायंत्र आणि उपग्रह यांची नावे हटकून येतात. या पायांचा उल्लेख सहसा येत नाही.

माणसाच्या जागी वस्तू ठेवण्याचे प्रयत्न अर्थातच जुने आहेत. मोगलांनी आग्रा-लाहोरसारख्या राजमार्गांवर उभारलेले कोसमिनार सुमारे ३० फूट उंच. इतकी उंची कशाला? पिके, झाडी, धूळ यांच्यावरून घोडेस्वाराला, हत्तीवरच्याला दुरून दिसावेत म्हणून. त्यांवर काही वाचायचे नव्हते. ते दिसले की पुरे. इंग्रजी अमदानीतील मैलाचा दगड गुडघ्या-मांडीएवढा झाला. तो सावकाश चालणाऱ्या टांग्यातून किंवा पायी वाचण्यासाठी होता. पुढे मोटारी आल्यावर दगडाच्या माथ्याला रंग आले : राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्य महामार्गाला हिरवा. अक्षरे वाचायला वेळ नाही, रंग मात्र झटकन कळतो. वेग वाढला की खुणेने बोलणे कमी करायचे असते, हा धडा रस्ते बांधणाऱ्यांनी पडदे बनवणाऱ्यांच्या कितीतरी आधी घेतला होता.

नकाशाची गोष्ट निराळी. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने आधाररेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, त्यातून या देशाचा काटेकोर नकाशा तयार झाला. लॅम्ब्टन आपले काम उत्तरेकडे नेत असताना १८२३च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. त्याने आणि त्याच्या वारसांनी मिळवलेली अचूकता थक्क करणारी होती. मात्र तो नकाशा मेजावर पसरून पाहायचा होता. घोड्यावर, भर वाऱ्यात, एका हाती लगाम धरून तो पाहणे अशक्यच. नकाशाने वाट अचूक केली आणि त्याच वेळी ती स्वाराच्या नजरेआड नेली. वाटाड्या समोर होता. नकाशा खोगिराच्या थैलीत गेला.

प्रवाशाच्या हाती मावेल असा नकाशा हवा, हे इंग्लंडात जॉन ओगिल्बीने १६७५ मध्येच ओळखले होते. त्याच्या ‘ब्रिटानिया’ या ग्रंथात प्रदेशाऐवजी रस्ता काढलेला आहे. कागदाच्या लांब गुंडाळीसारख्या पट्ट्या, खालून वर जाणारा एकच मार्ग, दोन्ही बाजूंना पूल, देवळे, टेकड्या. प्रमाण एका मैलाला एक इंच. रस्ता वळला की पट्टी सरळच राहते आणि तिच्यावरचे दिशाचक्र फिरते. म्हणजे प्रवासी सदैव ‘वर’ जात असतो. आजच्या जीपीएसमध्ये ‘उत्तर वर’ की ‘जाण्याची दिशा वर’ असा पर्याय निवडावा लागतो, त्यातला दुसरा पर्याय ओगिल्बीचा.

मोटारयुगात ही पट्टी चाकाला जोडण्याची धडपड सुरू झाली. अमेरिकेत १९०९च्या सुमारास ‘जोन्स लाइव्ह मॅप’ नावाची तबकडी आली. चाकाच्या फेऱ्यांबरोबर ती फिरे आणि काट्याखाली पुढची सूचना येई. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये मनगटी घड्याळासारखे एक साधन निघाले, त्यात बोटभर रुंदीच्या नकाशाच्या गुंडाळ्या भरायच्या. १९३०च्या सुमारास इटलीत ‘इटर ऑटो’ हे यंत्र मोटारीच्या दर्शनी फळीवर बसले. गाडीच्या वेगानुसार त्यातला नकाशा आपोआप सरके. तिन्ही साधने फसली, कारण ठरलेला रस्ता सोडला की ती मुकी होत. पण थैलीतून मनगटावर आणि मनगटावरून डोळ्यांसमोरच्या फळीवर, हा सरकण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे.

मोटारसायकलीवर तोच क्रम वेगळ्या साधनांत दिसतो. हार्ले-डेव्हिडसनने १९३६च्या नव्या गाडीत स्पीडोमीटर थेट पेट्रोलच्या टाकीवर बसवला. त्याच दशकात अनेक ब्रिटिश गाड्यांच्या टाकीच्या पाठीवर विद्युतप्रवाहाचा आणि तेलाच्या दाबाचा काटा असे. टाकी ही मोठी, सपाट आणि रिकामी जागा, वायरी लपवायला सोयीची. बनवणाऱ्याची सोय झाली. पाहणाऱ्याची झाली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हे काटे वर चढू लागले. ट्रायम्फने १९४९ मध्ये हेडलाइटभोवती पत्र्याचे कवच घालून त्यात काटे बसवले. रॉयल एनफिल्डने १९५४च्या सुमारास तसेच ओतीव कवच आणले आणि १९५५ पासून मद्रासला बांधली जाऊ लागलेली बुलेट तेच कपाळ मिरवत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आली. बुलेटच्या त्या कपाळावर कितीतरी लोक लुब्ध असतात. ते मुळात सौंदर्यासाठी नव्हते, असे म्हणायचे धाडस बुलेटवाल्यांसमोर करू नये. पण काटा टाकीवरून उठून नजरेच्या वाटेवर आला, ही त्यातली कामाची गोष्ट.

नकाशा मात्र टाकीवरच राहिला. टाकीवरच्या बॅगेच्या पारदर्शक कप्प्यात घडी केलेला कागद, ही पन्नास-साठ वर्षांपूर्वीची जगभरची रीत. जोवर डोक्यावर अर्धे हेल्मेट किंवा नुसती टोपी होती, तोवर डोळे खाली फिरवले की नकाशा दिसे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट बाजारात आले आणि चित्र पालटले. हनुवटीपुढच्या पट्टीने खालची दृष्टी कापली. आता टाकीकडे पाहायचे तर नुसते डोळे फिरवून भागेना. सगळी मान छातीकडे झुकवावी लागे. जीव वाचवणाऱ्या एका साधनाने दुसऱ्या साधनाची जागा धोक्याची करून टाकली. वाट दाखवणारे यंत्र हलवण्याची निकड खरी इथून सुरू होते, आणि जुन्या बॅगेची सवय जडलेले स्वार हे आजही विसरतात.

हलवून कुठे न्यायचे, याचे उत्तर वाळवंटातून आले. थिएरी साबिन हा फ्रेंच स्वार १९७७ मध्ये अबिजान ते नीस या शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि मरता मरता वाचला. त्याने सुरू केलेली पॅरिस-डकार शर्यत २६ डिसेंबर १९७८ रोजी निघाली. स्पर्धकांच्या हाती असे ती मार्गपुस्तिका : कागदाची लांब गुंडाळी, तिच्यावर अंतर, बाण आणि धोक्याच्या खुणा. ओगिल्बीचीच पट्टी, तीनशे वर्षांनी. ती एका पेटीत घालून दोन दांड्यांवर गुंडाळत. ही पेटी हँडलच्या पुढे, एका उंच मनोऱ्यावर, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला आली. कारण त्या वाळवंटात स्वार बहुतेक वेळ पायांवर उभा राहून गाडी चालवतो आणि उभ्या माणसाला टाकी दिसतच नाही. गुंडाळी फिरवण्याचे बटण डाव्या मुठीशी आले. नजर वर, बोट मुठीवर, हात हँडलवरून सुटायचा नाही. २०१५ मध्ये सी. एस. संतोष हा शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तोही याच मनोऱ्याकडे पाहत.

आता उपग्रह. अमेरिकी संरक्षण खात्याने १९७३ मध्ये जीपीएसचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७८ मध्ये त्याचा पहिला उपग्रह सोडला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले; त्यानंतर ही यंत्रणा नागरी उपयोगासाठी खुली करण्याची घोषणा अमेरिकेने केली. तरी नागरी संकेत मुद्दाम अंधूक ठेवले जात. ती अंधुकता मे २००० मध्ये काढली आणि एका रात्रीत सामान्य माणसाच्या यंत्राची चूक शंभर मीटरच्या घरातून दहा-वीस मीटरांवर आली. कोणत्या गल्लीत वळायचे हे सांगणे तेव्हा कुठे शक्य झाले. भारताने २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले. त्या यंत्रणेला २०१६ मध्ये ‘नाविक’ हे नाव मिळाले.

उपग्रहाआधीही पडदा आला होता, हे मात्र सांगायला हवे. होंडाने १९८१ मध्ये मोटारीत बसवलेल्या साधनात छोट्या पडद्यावर नकाशाची पारदर्शक पाने सरकवावी लागत. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात आलेल्या ‘इटॅक’ यंत्रात नकाशे कॅसेटवर असत. हे नाव पॅसिफिक महासागरातील नावाड्यांकडून घेतलेले. त्यांच्या गणितात होडी स्थिर असते आणि बेटे मागे सरकत जातात. पडद्यावरही तसेच : गाडीचे चिन्ह मध्यभागी स्थिर, भोवती नकाशा फिरतो. ज्याला एका ओझरत्या नजरेत उजवे-डावे कळायला हवे, त्याला याहून चांगली मांडणी सापडलेली नाही. मोटारसायकलीसाठी खास घडवलेली, पाऊस आणि हादरे सोसणारी, हातमोज्यांनी चालणारी जीपीएस यंत्रे २००५-०६च्या सुमारास बाजारात आली आणि सोबत जागेचा जुना प्रश्न घेऊनच आली.

या प्रश्नाचे तंत्र थोडक्यात असे. डोळा दूरच्या रस्त्यावरून जवळच्या पडद्यावर येतो तेव्हा दोन कामे होतात : दृष्टी खाली फिरते आणि भिंग जवळच्या अंतरासाठी जुळते. पडदा जितका वर, तितके फिरणे कमी. जितका दूर, तितके जुळणे कमी. टाकीवरचा पडदा दोन्हींत नापास. हँडलच्या मधोमध बसवलेला बरा. स्पीडोमीटरच्या वरचा उत्तम, कारण तिथे रस्ता नजरेच्या कडेला दिसत राहतो आणि अचानक हललेली म्हैस त्या कडेला टिपता येते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये मोटारींतील पडद्यांसाठी सूचना केल्या, त्यांत एका वेळी नजर हटण्याची मर्यादा दोन सेकंद आणि एका कामासाठी सगळी मिळून बारा सेकंद अशी आहे. ती चारचाकीसाठी आहे. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला दोन सेकंदही उधळपट्टीच वाटावी.

वर नेण्याची किंमतही आहे. पट्टी लांबली की थरथर वाढते. एकाच सिलिंडरच्या गाडीवर पडद्यावरची अक्षरे नाचू लागतात, आणि प्रश्न केवळ वाचण्याचा राहत नाही : मोटारसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातील यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपल कंपनीनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. म्हणून होल्डरखाली रबराचे बूच घालतात. हँडलवर बसवलेले यंत्र हँडलबरोबर फिरते, तेव्हा वायरीला ढील ठेवावी लागते. नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणाला ती तुटते किंवा, त्याहून वाईट, हँडल अडवते. ऊन मागून आले की काच आरसा होते. आणि यंत्र फार वर नेले तर ते रस्ताच झाकते. या साऱ्यांत मध्यममार्ग काढून अलीकडच्या कित्येक प्रवासी मोटारसायकलींना कारखान्यातूनच काट्यांच्या वर आडवा दांडा मिळतो. घरगुती जुगाड अधिकृत झाला, एवढाच त्याचा अर्थ.

कायदा या सगळ्यात उशिरा आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना फोनसारखे साधन वापरता येते ते फक्त मार्ग शोधण्यासाठी, आणि तेही चालकाची एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने. साधन नेमके कुठे बसवावे, हे नियम सांगत नाही. दरम्यान अनेकांनी डोळ्यांचा नाद सोडून कानाचा आधार घेतला आहे : हेल्मेटमध्ये छोटे कर्णे, त्यांतून ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ असा आवाज. वाट पुन्हा तोंडी झाली. (फोनच हेल्मेटमध्ये खोवून चालवणारे वेगळे, त्यांना या इतिहासात जागा नाही.)

कुरुंदवाडच्या परिसरात हा आवाजही दर पावसाळ्यात चकतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेली रचना : उन्हाळ्यात फळ्या घालून पाणी अडवायचे, पावसाळ्यात फळ्या काढून नदी मोकळी करायची. बहुतेक बंधाऱ्यांवरून आठ महिने दुचाक्या जातात-येतात, म्हणून नकाशाला ते रस्ते वाटतात. जून-जुलैत पंचगंगा चढली की राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकेक बंधारे पाण्याखाली जातात. २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांत तर शिरोळ तालुक्यातले हमरस्तेही दिवसेंदिवस बुडालेले होते. त्यात भर म्हणजे पूर चढतो तेव्हाच नृसिंहवाडीला गर्दी होते. दत्तमंदिरात शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडते, त्या ‘दक्षिणद्वार’ सोहळ्याच्या स्नानासाठी भाविक दुरून येतात. परगावच्या मोटारसायकलस्वाराच्या नजरेसमोर, अगदी योग्य उंचीवर बसवलेल्या पडद्यावर, निळी रेघ सरळ पुढे गेलेली असते. फाट्यावर डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली दोन-तीन माणसे उभी असतात आणि हात आडवा करून सांगतात, “बंधाऱ्यावरनं जाऊ नका पाव्हणं, मागं फिरा.”